भिंतीला ओल, की शटरला खोड?

पीएचडीची तयारी करणारी मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: "प्रयोगात काहीतरी गडबड आहे हे दिसतं, पण ती नक्की कुठे आहे हे शोधायचं कसं?" मेथडॉलॉजीच्या पेपरात याचं उत्तर 'व्हेरिएबल', 'कंट्रोल' अशा शब्दांत मिळतं आणि परीक्षा झाली की ते शब्द हवेत विरतात. म्हणून आज एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याची गोष्ट घेऊ. त्यात सॉफ्टवेअर नाही, पडद्याआड काही दुरुस्त करून देणारी चिप नाही. जे बिघडतं ते फिल्मवर जसंच्या तसं उमटतं, त्यामुळे तर्क कसा चालवायचा हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

माझी एक मैत्रीण वास्तुकलेत मास्टर्स करते. तिचा प्रकल्प पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या वाड्यावर आहे. वाड्याच्या बाहेरच्या भिंतीला जुना चुन्याचा गिलावा आहे आणि त्याची आजची अवस्था तिला नोंदवायची होती. कॉलेजच्या कपाटात पेंटाकॉन सिक्स पडून होता, तो तिने घेतला. हा कॅमेरा पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा, १९६६ पासून या नावाने विकला गेलेला. १२० फिल्मवर साधारण ५६ मिलिमीटर बाजूचा चौरस फोटो काढतो आणि एका रोलमध्ये १२ फोटो बसतात. वाड्यासमोरचा बोळ अरुंद, उभं राहायला धड एकच जागा. तिने तिथूनच दोन रोल काढले.

दुपारच्या उन्हात काढलेल्या सगळ्या फोटोंत भिंतीचा उजवा भाग गडद आला. ओला चुना कोरड्या चुन्यापेक्षा गडद दिसतो, हे तिला पक्कं माहीत. मग रिपोर्टच्या कच्च्या खर्ड्यात वाक्य आलं: उजव्या तृतीयांश भागात ओल मुरलेली असून तेवढा गिलावा काढून नव्याने करावा.

आता इथे थांबा. गिलावा एकदा खरवडला की तो परत येत नाही. आणि हा निर्णय टेकलाय कशावर, तर एका पन्नास वर्षं जुन्या यंत्राने काढलेल्या चित्रावर.

तिच्याकडे याला छेद देणारा पुरावाही होता. सकाळी भिंत सावलीत असताना काढलेल्या चार फोटोंत उजवी बाजू अजिबात गडद नव्हती. त्याचं स्पष्टीकरणही तयार होतं: सावलीतल्या पसरट उजेडात ओल दिसत नाही, कडक उन्हात उठून दिसते. ऐकायला पटतं की नाही? हीच तर अडचण आहे. विसंगत माहिती समोर आली की आपण तिच्यासाठी एक वेगळी पळवाट काढतो, आणि पळवाटा नेहमी पटण्यासारख्याच असतात.

सुदैवाने तिने वहीत प्रत्येक फोटोची नोंद ठेवली होती. आयएसओ ४०० फिल्म, अ‍ॅपर्चर सगळीकडे एफ/१६. उन्हात शटर १/५००, सावलीत १/६०. म्हणजे सकाळ आणि दुपार यांच्यात उजेड तर बदललाच, पण शटरचा वेगही बदलला. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की परिणाम कुणामुळे झाला हे सांगता येत नाही. याला कन्फाउंडिंग म्हणतात. व्याख्या पाठ करू नका, हा वाडा लक्षात ठेवा.

आधी निगेटिव्ह नीट वाचा

लोक इथे लगेच नवा प्रयोग करायला धावतात. माझं मत असं, की हातात असलेल्या डेटाचा शेवटचा थेंब पिळून घेतल्याशिवाय नवा डेटा जमवू नये. स्कॅन बाजूला ठेवा, मूळ निगेटिव्ह खिडकीसमोर धरा.

निगेटिव्हवर जिथे प्रकाश कमी पडतो तो भाग पातळ, म्हणजे जास्त पारदर्शक राहतो, आणि तोच फोटोत गडद येतो. म्हणजे "उजवीकडे गडद" याचा अर्थ "उजवीकडे प्रकाश कमी नोंदला गेला" एवढाच. कमी का नोंदला गेला, याचे संशयित बरेच आहेत: भिंत, लेन्स, शटर, आरसा, डेव्हलपर, स्कॅनर.

१२० फिल्म सुमारे ६१ मिलिमीटर रुंद असते आणि फोटो ५६ मिलिमीटरचा. म्हणजे दोन्ही कडांना एकेक चिंचोळी पट्टी उरते. शिवाय दोन फोटोंमध्येही कोरी जागा असते. या कोऱ्या जागेवर लेन्समधून प्रकाश येतच नाही. त्या कडांवर कंपनीने फिल्मचं नाव आणि आकडे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्या अक्षरांशी काहीही संबंध नाही, पण डेव्हलपिंग मात्र त्यांचंही तुमच्याच टाकीत झालेलं असतं. प्रयोगात 'कंट्रोल' म्हणतात तो हाच, आणि तोही फुकट मिळालेला.

टाकीत डेव्हलपर कमी पडला तर काय होतं? रीळ टाकीत आडवं बसतं, फिल्म एका कडेवर उभी राहते, आणि वरची कड द्रावणाबाहेर राहून पातळ येते. पॅटरसनच्या टाकीत १२० फिल्मला ५०० मिलिलिटर डेव्हलपर लागतो, ३५ मिलिमीटरच्या फिल्मला २९०. सवयीने कमी ओतणारे लोक कमी नाहीत. पण हा दोष रोलच्या पूर्ण लांबीवर एका कडेने सलग धावतो, फोटोंमधल्या कोऱ्या जागेपाशी थांबत नाही, आणि त्या कडेची छापील अक्षरंही फिकट करतो.

आता गंमत बघा. पेंटाकॉन सिक्समध्ये फिल्म आडवी सरकते. म्हणजे फिल्मच्या लांब कडा फोटोच्या वर आणि खाली येतात. डेव्हलपर कमी पडला असता तर फोटोची वरची किंवा खालची बाजू बिघडली असती, उजवी नाही. कॅमेरा न उघडता, एक पैसा खर्च न करता एक संशयित बाद! (रोलायफ्लेक्स किंवा याशिका मॅटमध्ये फिल्म उभी सरकते, तिथे हाच दोष डावी-उजवीकडे आला असता. म्हणून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचं निदान आपल्याला तसंच्या तसं लावू नये.)

आरसा वर जायला उशीर करत असेल तर त्याची सावलीसुद्धा वर-खाली अशीच पडते, बाजूला नाही. आणि प्रकाशाची गळती म्हणाल, तर गळती फिल्मवरचा प्रकाश वाढवते, कमी करत नाही, शिवाय बहुतेक वेळा फोटोच्या चौकटीबाहेर कडेपर्यंत पसरते. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत, विशेषतः आग्फाच्या, भात्याला बारीक भोकं पडलेली असणं नेहमीचं आहे. मागच्या लाल काचेतूनही धुरकट ठिपके येतात. ती काच लाल रंग न ओळखणाऱ्या फिल्मच्या काळातली आहे, आजच्या फिल्मला लाल प्रकाशही दिसतो. आपल्या निगेटिव्हच्या कोऱ्या जागा मात्र स्वच्छ होत्या.

लेन्सचं काय? प्रत्येक लेन्स कोपऱ्यांत थोडा कमी प्रकाश देते. साध्या भूमितीने, कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताप्रमाणे, ८० मिलिमीटरच्या लेन्सला या चौरसाच्या टोकाच्या कोपऱ्यात मध्यापेक्षा सुमारे ६५ टक्केच प्रकाश मिळतो. पण हा दोष मध्याभोवती सारखा असतो. चारही कोपरे काळवंडले तर लेन्सकडे बघा, एकच बाजू काळवंडली तर लेन्सला सोडून द्या. शिवाय सकाळी आणि दुपारी अ‍ॅपर्चर एकच होतं. लेन्सचा दोष असता तर सकाळच्या फोटोंतही दिसला असता.

उरले तीन: भिंत, शटर आणि स्कॅनर. स्कॅनरचा निकाल दोन मिनिटांत लागतो. तीच निगेटिव्ह अर्ध्या फेरीने फिरवून परत स्कॅन करायची. पातळ भाग निगेटिव्हबरोबर फिरला तर स्कॅनर निर्दोष. तो फिरला. (स्कॅन करताना सॉफ्टवेअरच्या सगळ्या 'ऑटो' सुधारणा बंद ठेवा. नाहीतर दोन फोटोंची तुलना म्हणजे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांची तुलना.)

हा फिरवण्याचा डाव मनात ठेवा, कारण पुढची पायरी तीच आहे. 'असं का होतंय' या प्रश्नाआधी 'हा पॅटर्न कशाबरोबर फिरतो' हा प्रश्न विचारा. भिंतीतली ओल भिंतीला चिकटलेली असते. कॅमेऱ्याचा दोष कॅमेऱ्याला चिकटलेला असतो. मग कॅमेरा उलटा करा! ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावून कॅमेरा खाली डोकं वर पाय असा टांगायचा आणि तोच फोटो त्याच १/५०० वर काढायचा. वरून बघायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आता खालून मान वाकडी करून बघावं लागतं, बोळातून जाणारे येणारे थांबून विचारपूस करतात, ते सहन करायचं. गडदपणा भिंतीच्या उजवीकडेच राहिला तर ओल खरी. डावीकडे गेला तर कॅमेरा.

शटरचं गणित

दरम्यान आपण कागदावर थोडं काम करू. प्रयोगाआधी भाकीत लिहून ठेवणं फार गरजेचं असतं, नाहीतर निकाल आल्यावर आपण "हेच तर मी म्हणत होतो" असं म्हणायला मोकळे.

रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आत असतं. त्याच्या पात्या मधून उघडतात, आणि ते कितीही सुस्त झालं तरी पूर्ण फोटो सारखाच दाट होतो, एकच बाजू नाही. (हॅसलब्लाड ५००सी थोडा वेगळा आहे. तिथे लेन्समधल्या शटरशिवाय मागे दोन झडपा असतात आणि बटण लवकर सोडलं तर लांब एक्स्पोजर संपायच्या आत त्या मिटतात.) पेंटाकॉन सिक्समध्ये मात्र फिल्मच्या अगदी पुढे कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागोमाग येऊन झाकतो. दोघंही आडवे सरकतात. फिल्मवरच्या कुठल्याही बिंदूला मिळणारा वेळ म्हणजे पहिला पडदा तिथे पोचल्यापासून दुसरा पोचेपर्यंतचा वेळ. बस, एवढंच समजलं की पुढचं सगळं सुटतं.

समजा, पडद्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला २८ मिलिसेकंद लागतात. (या कॅमेऱ्याचा फ्लॅशचा वेग १/२५ च्या आसपास आहे, म्हणजे ४० मिलिसेकंदांच्या आत पडद्याला वाट मोकळी करावी लागते. त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही.) १/१००० वर दुसरा पडदा पहिल्याच्या १ मिलिसेकंद मागून निघतो. आता वंगण सुकल्यामुळे पहिला पडदा थोडा रेंगाळला आणि २८ ऐवजी २८.५ मिलिसेकंदांत पोचला. दुसरा वेळेवर. सुरुवातीच्या टोकाला १ मिलिसेकंद मिळाला, शेवटच्या टोकाला फक्त ०.५. निम्मा प्रकाश, म्हणजे पूर्ण एक स्टॉप कमी.

तोच अर्धा मिलिसेकंद आता १/५०० वर बघा. मिळायला हवे होते २, मिळाले १.५. घट २५ टक्के, म्हणजे ०.४ स्टॉप. १/१२५ वर ८ पैकी अर्धा, घट ६ टक्के. १/६० वर ३ टक्के. १/३० वर दीड टक्का, जो डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

पडद्याची चूक प्रत्येक वेळी तेवढीच आहे, पण तिचं वजन शटरच्या वेगाप्रमाणे बदलतं. सकाळी १/६० वर उजवी बाजू स्वच्छ का होती आणि दुपारी १/५०० वर गडद का, हे आता 'पसरट उजेडात ओल दिसत नाही' हे गृहीतक न वापरताही समजतं. अजून सिद्ध झालेलं नाही हं! पण आता दोन स्पर्धक स्पष्टीकरणं आहेत आणि दोघांची भाकितं वेगळी आहेत. संशोधनात ही जागा येणं म्हणजे अर्धं काम झालं.

चार खणांचा तक्ता

कागदावर चार खण आखा. आडवे: ऊन, सावली. उभे: १/५००, १/६०. मैत्रिणीकडे 'ऊन आणि १/५००' होता, 'सावली आणि १/६०' होता. उरलेले दोन रिकामे. दोन तिरपे खण कितीही वेळा भरले, शंभर फोटो काढले, तरी उत्तर मिळणार नाही. जास्त डेटा म्हणजे चांगला डेटा असं समजणाऱ्यांनी हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा.

'ऊन आणि १/६०' हा खण भरायचा कसा? उन्हात १/६० ठेवलं तर फोटो जळेल. अ‍ॅपर्चर बारीक करावं तर ही लेन्स एफ/२२ च्या पुढे जात नाही, आणि अ‍ॅपर्चर बदललं की आणखी एक गोष्ट बदलली. म्हणून लेन्सवर राखाडी फिल्टर लावायचा, प्रकाश एक अष्टमांश करणारा. एक अष्टमांश म्हणजे तीन स्टॉप, आणि १/५०० ते १/६० हेही तीनच स्टॉप. ऊन तेच, एफ/१६ तेच, फक्त शटर बदललं. ओल उन्हात उठून दिसत असेल तर या फोटोतही दिसायला हवी.

अजून एक बारकावा, जो शिकलेली माणसंही विसरतात. जुनं शटर बराच वेळ पडून राहिलं की पहिला फोटो जास्त बिघडतो, दहा वेळा चालवलं की थोडं सुटं होतं. तुम्ही १/१००० पासून सुरू करून क्रमाने १/३० पर्यंत आलात, तर सुधारणा वेग कमी केल्यामुळे झाली की शटर मोकळं झाल्यामुळे, हे कळायचं नाही. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पाठ्यपुस्तकात याला रँडमायझेशन म्हणतात आणि औषधांच्या चाचण्यांची उदाहरणं देतात. इथे तर एका रोलमधल्या बारा फोटोंनासुद्धा ते लागतं.

मोजणी कशी करायची? डेन्सिटोमीटर नसेल तर स्कॅनवर चालेल, पण वाड्याची भिंत त्यासाठी बरी नाही, तिचा रंग मुळातच सारखा नाही. ढगाळ दिवशी एखादी पांढरी भिंत सावलीत गाठा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि तीच भिंत वेगवेगळ्या शटरवर काढा. प्रत्येक फोटोत डाव्या आणि उजव्या कडेची तुलना करा. लेन्सचा दोष दोन्हीकडे सारखा, त्यामुळे तुलनेत तो आपोआप कटतो, उरतो तो शटरचा. खगोलशास्त्रातले लोक नेमकं हेच करतात. संध्याकाळच्या एकसारख्या आकाशाचे फोटो काढून दुर्बिणीचा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा असमानपणा आधी नोंदवतात, त्याला फ्लॅट फील्ड म्हणतात. सूर्याची कड मध्यापेक्षा खरोखरच अंधुक असते. ते सूर्याचं वैशिष्ट्य आहे की दुर्बिणीचं, हे यंत्राचा हिशोब आधी चुकता केल्याशिवाय कोण सांगणार?

दुरुस्तीची घाई नको

एवढं होईपर्यंत कॅमेरा दुरुस्तीला देऊ नका. यावर माझं मत जरा कडक आहे. ओळखीतल्या एकाने असाच कॅमेरा एका दुकानात टाकला. तिथे फोम बदलला, लेन्स पुसली, स्प्रिंगचा ताण वाढवला, सगळं एका दिवसात. दोष गेला, पण कशामुळे गेला हे कुणालाच कळलं नाही. आणि जुने फोटो? ते कुठल्या प्रमाणात बिघडलेले होते, हे मोजायची संधीही गेली. बिघडलेलं यंत्र हा पुरावा असतो. त्याने काढलेला डेटा तुमच्या हातात आहे तोवर तरी.

स्प्रिंगचा ताण वाढवणं हा तर नेहमीचा मोह. पडदा रेंगाळतोय ना, मग जोर लावा. पण अडथळा सुकलेल्या वंगणाचा असेल तर तो तसाच राहतो आणि आपण त्यावर जास्त ताण लादतो. थंडीच्या सकाळी वंगण आणखी घट्ट झालं की दोष परत. आधी साफसफाई, मग ताण, हाच क्रम. कापडी पडद्यावर तेल चुकूनही नको.

एक गोष्ट निगेटिव्ह स्वतःहून सांगत नाही: पहिला पडदा हळू, की दुसरा जास्त वेगवान? दोन्हींत शेवटचं टोक पातळच होतं. त्यासाठी फिल्म काढून मागचं झाकण उघडायचं आणि दोन्ही टोकांना प्रकाशाचे सेन्सर लावून प्रत्येक पडद्याची वेळ वेगवेगळी मोजायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एका दुपारचं काम. झाकण उघडलंच आहे तर पडदे कुठल्या बाजूने निघतात तेही बघून घ्या. फिल्मवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे समोरच्या दृश्याची उजवी बाजू मागून बघताना फिल्मच्या डाव्या टोकाला असते. इथे गोंधळून शटरला उगाच निर्दोष ठरवलेलं मी पाहिलंय.

मैत्रिणीने पुढच्या आठवड्यात एक रोल खर्च केला. उलट्या टांगलेल्या कॅमेऱ्यात गडदपणा भिंतीच्या डावीकडे गेला. फिल्टर लावून उन्हात १/६० वर काढलेल्या फोटोत तो जवळजवळ नाहीसा झाला. पांढऱ्या भिंतीवर १/१००० ला सर्वांत जास्त फरक, १/५०० ला साधारण निम्मा, आणि १/१२५ च्या खाली काही शोधून सापडेना.

'जवळजवळ' म्हटलं, कारण पन्हाळीच्या पाइपाशेजारी हातभर रुंदीचा एक गडद पट्टा सगळ्या फोटोंत राहिला: उन्हात, सावलीत, कॅमेरा सुलटा असो की उलटा. तो कॅमेऱ्याबरोबर फिरला नाही. ती पावसाळ्यात परत जाऊन बघून आली. पाइपाचा सांधा गळत होता. रिपोर्टमध्ये आता तेवढाच पट्टा आहे, आणि पहिलं काम गिलाव्याचं नाही, प्लंबरचं आहे.